पी. एस. कृष्णन यांनी दिल्लीतली फाइल हलवली. जिल्ह्यातली फाइल कोण हलवणार?

लोकसेवा आयोगाचा निकाल लागला की आपल्याकडे आठवडाभर सत्कार चालतात. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, कुठेही बघा. बुद्धविहारात कार्यक्रम, शाल, संविधानाची प्रत, चौकात फ्लेक्स. शेतमजुराच्या घरातलं पोरगं तहसीलदार झालं, पोलीस उपअधीक्षक झालं, याचा आनंद व्हायलाच पाहिजे. आमचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. पाच वर्षांनी त्याच अधिकाऱ्याला समाज काय विचारतो? बदली कुठे झाली, जयंतीला पाहुणे म्हणून याल का, एवढंच. साहेब, तुमच्या टेबलावरून कोणत्या फाइली पुढे गेल्या आणि कोणत्या तुम्ही दाबून ठेवल्या, हे कोणी विचारत नाही. विचारायचं ठरवलं तर त्याला माप लागेल. ते माप आम्हाला एका अशा माणसाच्या नोकरीत दिसतं, ज्याचं नाव आपल्या दहापैकी नऊ कार्यकर्त्यांना माहीत नसेल: पी. एस. कृष्णन.

कृष्णन केरळचे. जन्म १९३२ चा, तिरुवनंतपुरमचा. १९५६ च्या तुकडीचे आयएएस, केडर आंध्र प्रदेश. म्हणजे ज्या वर्षी बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा दिली, त्याच वर्षी हा माणूस नोकरीत आला. जन्माने ते अनुसूचित जातीचे नव्हते. पण आंध्रात काम करताना ते दलित वस्तीत मुक्काम करत, तिथेच जमिनीचे वाद ऐकत आणि तिथेच पट्टे वाटत. याचं बक्षीस काय मिळालं? गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरे. हा अधिकारी अनुसूचित जातींची बाजू जास्त घेतो, आंतरजातीय विवाहांचा पुरस्कार करतो, गावच्या कामगारांपेक्षा गावकऱ्यांच्या शब्दावर विश्वास ठेवतो, संस्कृतचं ज्ञान वापरून धर्माची पोलखोल करतो, अशा आशयाचे ते शेरे होते. आमच्या मते एखाद्या अधिकाऱ्याला इतकं चांगलं प्रशस्तिपत्र क्वचितच मिळालं असेल.

सरकारी नोकरीत गोपनीय अहवालाचा शेरा म्हणजे काय, हे आपल्या कर्मचारी संघटनांना सांगायला नको. बढती अडते, चांगली जागा हातची जाते, आणि माणूस हळूहळू गप्प बसायला शिकतो. कृष्णन गप्प बसले नाहीत. आणि नोकरी सोडूनही गेले नाहीत. चिडून राजीनामा देणाऱ्यांचं कौतुक खूप होतं. आम्हाला त्यापेक्षा खुर्चीत टिकून, नियम पाठ करून, त्याच नियमांनी व्यवस्थेला खिंडीत गाठणारा अधिकारी जास्त कामाचा वाटतो.

१९७८ ते १९८२ या काळात ते केंद्रीय गृह मंत्रालयात सहसचिव होते. अनुसूचित जातींसाठीची विशेष घटक योजना त्यांच्या याच काळातली. लोकसंख्येत अनुसूचित जातींचा जेवढा टक्का, तेवढा टक्का योजनेच्या पैशात त्यांच्यासाठी वेगळा काढायचा, असा साधा हिशेब. आज आपण ज्याला अनुसूचित जाती उपयोजना म्हणतो ती हीच. पुढे जानेवारी १९९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांचं सरकार असताना ते कल्याण मंत्रालयाचे सचिव झाले. रामविलास पासवान मंत्री होते. निवृत्तीला जेमतेम वर्ष राहिलं होतं. त्या एका वर्षात त्या मंत्रालयातून जे बाहेर पडलं, त्याची बरोबरी करणारं वर्ष आम्हाला तरी दाखवता येत नाही. १३ ऑगस्टचा मंडलचा आदेश त्याच वर्षीचा. राष्ट्रीय अनुसूचित जाती-जमाती आयोगाला घटनात्मक दर्जा देणारी ६५ वी घटनादुरुस्तीही त्याच वर्षीची. आणि विदर्भातल्या प्रत्येक बौद्ध घराशी थेट संबंध असलेली एक दुरुस्ती, जिच्याबद्दल जरा सविस्तर बोललं पाहिजे.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात तिसरा परिच्छेद होता: हिंदू धर्म सोडून अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. १९५६ मध्ये त्यात शीखांचा समावेश झाला. बौद्धांचा झाला नाही. म्हणजे दीक्षाभूमीवर ज्यांनी धम्म स्वीकारला, त्यांनी केंद्राच्या कागदावर त्याच क्षणी आपला दर्जा गमावला. गावात मात्र विहीर तीच, वस्ती तीच, आणि हाक मारायची पद्धतही तीच. डी. पी. मेश्राम यांचा खटला आठवा. विदर्भातलेच. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत राखीव जागेवरून निवडून आले. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ते बौद्ध झाले आहेत, म्हणून अनुसूचित जातीचे राहिले नाहीत. महाराष्ट्र सरकारने राज्यापुरत्या सवलती नवबौद्धांना दिल्या. पण केंद्राच्या नोकऱ्या, केंद्राच्या शिष्यवृत्त्या आणि राखीव मतदारसंघ या बाबतीत दरवाजा बंद राहिला.

दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने १९६४ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना मागण्यांची सनद दिली आणि ६ डिसेंबरपासून देशभर सत्याग्रह केला. हजारो लोक तुरुंगात गेले. जमिनीची मागणी तर होतीच, शिवाय संसदेत बाबासाहेबांचं तैलचित्र लावा आणि बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती द्या, अशाही मागण्या होत्या. या दोन्ही पुऱ्या व्हायला १९९० साल उजाडलं. १२ एप्रिलला मध्यवर्ती सभागृहात तैलचित्र लागलं, आणि त्याच वर्षी कायद्याने तिसऱ्या परिच्छेदात ‘बौद्ध’ हा शब्द आला. सव्वीस वर्षांत किती सरकारं आली आणि गेली. प्रत्येकाने निवेदन स्वीकारलं, चहा पाजला आणि फाइल खाली ठेवली.

इथे कोणी म्हणेल, श्रेय चळवळीचं की अधिकाऱ्याचं? हा वादच आम्हाला खोटा वाटतो. चळवळीने मागणी जिवंत ठेवली नसती तर कृष्णन यांच्यासमोर फाइलच आली नसती. राजकीय निर्णय सिंह आणि पासवानांचा, हेही खरं. पण आधीही निर्णय घेऊ शकणारे लोक त्या खुर्च्यांवर बसले होतेच की. मसुदा तयार आहे, कायदा विभागाचा आक्षेप कसा खोडायचा ते माहीत आहे, सरकार पडायच्या आत संसदेत कसं न्यायचं याची घाई आहे, असा सचिव मात्र पूर्वी तिथे नव्हता.

एका शब्दाने काय होतं ते जनगणनेत पाहा. १९८१ मध्ये महाराष्ट्रात अनुसूचित जातींचं प्रमाण सुमारे ७ टक्के होतं. १९९१ मध्ये ते ११ टक्क्यांच्या वर गेलं. दहा वर्षांत पोरं इतकी झाली नाहीत. जी माणसं आधी मोजलीच जात नव्हती, ती मोजली गेली. आणि योजनेचा पैसा लोकसंख्येच्या टक्क्याशी बांधलेला असल्याने हा फरक नुसता कागदी नव्हता. १९७९ च्या आसपास ज्याने पैशाचा हिशेब बांधला, त्यानेच १९९० मध्ये त्या हिशेबात बौद्धांना बसवलं.

आता यातली सगळ्यात मोठी गोष्ट, जी आपल्या भाषणांत येत नाही. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, आपल्या बोलीतला ‘ॲट्रॉसिटी’, १९८९ मध्ये संसदेत झाला आणि ३० जानेवारी १९९० पासून लागू झाला. या कायद्याच्या घडणीत कृष्णन यांचा वाटा मोठा. पण हा कायदा संरक्षण कुणाला देतो? अनुसूचित जाती म्हणून ज्याची गणना होते त्यालाच. १९९० ची ती दुरुस्ती झाली नसती तर या कायद्याच्या दारात बौद्ध माणसाला पहिला प्रश्न विचारला गेला असता: तू अनुसूचित जातीचा आहेस का? आणि आरोपीच्या वकिलाने मेश्राम खटल्याचा निकाल पुढे ठेवला असता. विदर्भात अत्याचार सोसणारे बहुसंख्य बौद्ध. म्हणजे जिथे कायद्याची सर्वात जास्त गरज, तिथेच तो लुळा पडला असता.

खैरलांजीचं भोतमांगे कुटुंब बौद्ध होतं. २९ सप्टेंबर २००६ ला चार जणांना मारलं. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये आठ जणांना दोषी धरलं, सहा जणांना फाशी सुनावली, पण ॲट्रॉसिटीची कलमं लावली नाहीत. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी २५ वर्षांची जन्मठेप दिली, आणि जातीचा मुद्दा तिथेही टिकला नाही. चार खून मान्य, जात अमान्य. कायदा पुस्तकात असूनही असं होतं, कारण खटल्याचं भवितव्य तपासात ठरतं आणि तपास तालुक्यातला अधिकारी करतो.

कृष्णन यांना हे कळत होतं. म्हणून ते निवृत्तीनंतर घरी बसले नाहीत. कायद्याला वीस वर्षं होत आली तेव्हा देशभरातल्या संघटनांनी हा कायदा बळकट करण्यासाठी एकत्र आघाडी केली, तिचे ते मार्गदर्शक राहिले. त्यातून २०१४ चा अध्यादेश आणि पुढे २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेली दुरुस्ती आली. या दुरुस्तीतलं कलम ४ आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ हवं. फिर्याद नोंदवणं, तोंडी फिर्याद लिहून घेतल्यावर सही घेण्याआधी ती वाचून दाखवणं, तिची प्रत देणं, साठ दिवसांत तपास करून आरोपपत्र दाखल करणं, ही लोकसेवकाची कर्तव्यं म्हणून तिथे लिहिली आहेत. लोकसेवक स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसेल आणि त्याने ती जाणूनबुजून टाळली, तर त्याला किमान सहा महिने ते एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कलम १५-अ मध्ये पीडित आणि साक्षीदारांचे हक्क आहेत: जामिनाच्या सुनावणीसह प्रत्येक कामकाजाची सूचना मिळण्याचा आणि न्यायालयात म्हणणं मांडण्याचा. कायदा असा तपशिलात लिहायला पोलीस ठाण्यात काय घडतं ते ठाऊक असावं लागतं. ठाणे अंमलदार नेमका कुठे टाळाटाळ करतो, हे ज्याने पाहिलं आहे त्याच्याच हातून अशी वाक्यं लिहिली जातात.

मग २० मार्च २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. सुभाष काशिनाथ महाजन विरुद्ध महाराष्ट्र राज्य. प्रकरण कराडच्या शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातलं. सुरुवात कशातून झाली होती? एका दलित कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालातल्या प्रतिकूल शेऱ्यातून. ज्या हत्याराने कृष्णन यांना गप्प करायचा प्रयत्न झाला होता, तेच हत्यार. निकालाने सांगितलं की सरकारी नोकराला अटक करायची तर नेमणूक करणाऱ्या अधिकाऱ्याची परवानगी घ्या, इतरांसाठी जिल्ह्याच्या पोलीस प्रमुखांची घ्या, आणि गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी होऊ शकते. २ एप्रिलचा भारत बंद आपल्याला आठवतो. त्यात माणसं मारली गेली, तरुणांवर गुन्हे लागले. रस्त्यावर बंद चालू होता तेव्हा ८५ वर्षांचे कृष्णन सरकारला पत्रं लिहून पुनर्विचाराचा आग्रह धरत होते, निकालातला एकेक तर्क खोडत होते. संसदेने कलम १८-अ आणलं. १ ऑक्टोबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने आपलेच ते निर्देश मागे घेतले. १० नोव्हेंबर २०१९ ला कृष्णन गेले. मराठी वर्तमानपत्रांत त्यांच्यासाठी किती जागा निघाली, यावर न बोललेलं बरं.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. वर्धा म्हटलं की देशाला सेवाग्राम आठवतं. १९२८ मध्ये इथलं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुलं झालं, त्याचा अभिमान सांगितला जातो. सवर्णांच्या हृदयपरिवर्तनाची कार्यशाळाच जणू या जिल्ह्यात भरली होती. बाबासाहेबांनी मात्र १४ नोव्हेंबर १९३२ लाच, विलायतेच्या वाटेवर बोटीतून, अस्पृश्यता निवारण संघाच्या ठक्करांना पत्र लिहून वेगळा कार्यक्रम सुचवला होता: आधी नागरी हक्कांची लढाई लढा, विहीर, शाळा, चावडी, आणि त्यासाठी संघर्षाला तयार राहा. संघाने तो मार्ग घेतला नाही. ॲट्रॉसिटीचा कायदा बाबासाहेबांच्या त्या वाटेवरचा आहे. समोरच्याचं मन बदलेल तेव्हा बदलो, आज त्याचा हात थांबला पाहिजे.

२०११ च्या जनगणनेनुसार वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १३ लाख, आणि शंभरातले चौदा-पंधरा लोक अनुसूचित जातींचे. या लोकांसाठी कायद्याच्या १९९५ च्या नियमांत जिल्ह्यात एक जागा ठरवून दिली आहे: जिल्हा दक्षता व नियंत्रण समिती. अध्यक्ष जिल्हाधिकारी. पोलीस अधीक्षक, खासदार, आमदार सदस्य. समाजकल्याणचा जिल्ह्याचा अधिकारी सदस्य-सचिव. शिवाय अशासकीय सदस्य, तेही अनुसूचित जाती-जमातींतले. तीन महिन्यांतून किमान एक बैठक सक्तीची. किती गुन्हे, किती आरोपपत्रं, साठ दिवस कुठे उलटले, अर्थसहाय्य कुणाचं राहिलं, सरकारी वकिलाचं काम कसं आहे, हे सगळं तिथे तपासलं जायला हवं. पुढच्या सुधारणेने उपविभागीय पातळीवरही समिती आली. म्हणजे वर्ध्याबरोबर आर्वी आणि हिंगणघाट उपविभागांतही ती हवी. वर मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली राज्यस्तरीय समिती, तिची बैठक वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये.

अन्याय झाला की आपण मोर्चा काढतो, तो काढलाच पाहिजे. मोर्चाने गुन्हा नोंद होतो. पण त्यानंतरचे साठ दिवस मोर्चाच्या हातात नसतात. त्या दिवसांत उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी स्वतः तपास करतो की सही फक्त त्याची आणि काम हवालदाराचं, जातीचा दाखला कागदपत्रांत लागतो की नाही, पंचनाम्यात जातिवाचक शब्द आणि घटनेची जागा नीट येते की नाही, यावर खटला उभा राहतो किंवा पडतो. आपल्या लोकांचा दाखला तर आणखी एक डोकेदुखी. शाळेच्या दाखल्यावर नुसतं ‘बौद्ध’ आणि केंद्राच्या नमुन्यात मूळ जात हवी, हा घोळ आजही घराघरात आहे. निर्दोष सुटणाऱ्या आरोपींचा आकडा दाखवून कायद्याचा गैरवापर होतो असं म्हणणारे लोक हे तपशील कधीच सांगत नाहीत.

म्हणून आमचं म्हणणं असं की सत्काराच्या कार्यक्रमाला जेवढी माणसं जमतात, त्यातल्या पाच जणांनी समितीच्या मागे लागावं. माहितीच्या अधिकारात गेल्या तीन वर्षांच्या बैठकांची इतिवृत्तं मागावीत. अशासकीय सदस्य कोण, त्यांनी बैठकीत काय विचारलं, हे वस्तीत वाचून दाखवावं. पक्षाच्या शिफारशीवर सदस्य झालेला आपलाच माणूस बैठकीत चहा पिऊन येत असेल तर त्यालाही विचारावं. तो आपला आहे म्हणून सूट नको. अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलांनी कलम ४ आणि कलम १५-अ परीक्षेसाठी पाठ करावीत आणि त्याच आठवड्यात एखाद्या पीडित कुटुंबाबरोबर ठाण्यात जाऊन ती वापरावीत. कोणत्याही खासगी शिकवणीपेक्षा हा अभ्यास पक्का होईल.

एक आक्षेप येईल, तो आताच घेऊ. सवर्ण घरातल्या अधिकाऱ्याला आपण आदर्श का मानायचा? आदर्श मानू नका, मोजपट्टी माना. बाबासाहेब आणि कृष्णन यांना एका ओळीत बसवायचा मूर्खपणा आम्ही करणार नाही. पण प्रशासनाचं महत्त्व बाबासाहेबांनीच सांगितलं आहे. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर त्यांनी अनुसूचित जातींच्या नोकऱ्यांचा प्रश्न लावून धरला आणि १९४३ मध्ये ८⅓ टक्के जागा मिळवल्या. केवळ पोट भरावं म्हणून नव्हे. निर्णयाच्या जागी आपला माणूस नसेल तर कायदा आपल्याविरुद्ध वापरला जातो, हा त्यामागचा विचार होता. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत त्यांनी इशारा दिला की संविधानाला हात न लावता, प्रशासनाचं रूप बदलूनही संविधान विकृत करता येतं. तेव्हा प्रश्न उलटा विचारला पाहिजे. ज्याला या जागेसाठी कुणी जेलमध्ये गेलं नव्हतं, ज्याच्या घराण्यावर आरक्षणाचं ऋण नव्हतं, तो माणूस खराब शेरे अंगावर घेऊन एवढं करतो. मग १९६४ च्या सत्याग्रहींच्या नातवाने, जो आज एखाद्या उपविभागाचा अधिकारी आहे, किती करायला हवं?

कृष्णन यांचंही सगळं साधलं नाही. विशेष घटक योजनेला कायद्याचं संरक्षण मिळावं म्हणून ते शेवटपर्यंत आग्रही होते. केंद्रात ते झालं नाही. आंध्र प्रदेशने आणि कर्नाटकने २०१३ मध्ये उपयोजनेचा कायदा केला. महाराष्ट्रात ती मागणी अजून मागणीच आहे. त्याचा परिणाम २०२५ च्या मे महिन्यात उघड दिसला, जेव्हा लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचा निधी वळवला म्हणून खुद्द त्या खात्याचे मंत्री संजय शिरसाट जाहीरपणे नाराज झाले. मंत्र्याने नाराज व्हायचं आणि पैसा तरी जायचाच, कारण अडवणारा कायदा नाही. बाबासाहेबांच्या महाराष्ट्राने ज्या कामात आंध्र-कर्नाटकच्या मागे राहावं, ते काम आता आपल्या समोर आहे. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर विदर्भातून दरवर्षी मोर्चे जातात. वर्ध्याहून निघणाऱ्या मोर्चाच्या निवेदनात पहिली मागणी उपयोजनेच्या कायद्याची असावी, आणि निवेदनाला जिल्हा समितीच्या बैठकांची इतिवृत्तं जोडलेली असावीत. बैठका झाल्याच नसतील, तर तसं लिहून देणारं जनमाहिती अधिकाऱ्याचं उत्तर जोडावं.

जय भीम!